शेजारच्या पोराला घाबरणारं कुत्रं त्याच्याच भरवशावर कसं सोडायचं?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात लग्नासाठी आठवडाभर पुण्याला जायचंय, शेजारचं पोरगं भाकर-पाणी द्यायला तयार आहे, पण ते फाटकात दिसलं की कुत्रं खाटेखाली शिरून गुरगुरतं. मी यवतमाळकडच्या खेड्यातला. आमची काळीही अशीच भित्री, म्हणून लिहितो.

आधी त्या पोराला बजावा की कुत्र्याला हात लावायचाच नाही. ‘ये ये’ करायचं नाही, डोळ्यांत पाहायचं नाही. लाड केले की भीती जाते असं लोकांना वाटतं, पण घाबरलेल्या जनावराला माणूस जवळ यायलाच नको असतो. आठवडाभरासाठी मैत्री कशाला पाहिजे? हा आला की खायला मिळतं आणि काही त्रास देत नाही, एवढं कुत्र्याला पटलं तरी पुष्कळ.

गावठी कुत्र्यांनी लहानपणापासून दगड खाल्लेले असतात. समोरचा माणूस नुसता वाकला तरी त्यांना वाटतं, उचलला धोंडा. आमच्याकडे ढोरं राखणारा पोरगा यायचा. काठी बाहेर गोठ्याला टेकवून आत यायचा बिचारा, तरी जर्मनची थाळी ठेवायला वाकला की काळी मागच्या दारानं पसार! मग त्याला म्हटलं, आलास की आधी ओट्यावर बस, तिच्याकडे पाठ करून, आणि बसल्या बसल्या थाळी बाजूला सरकव. तो तिथं मोबाइल पाहत तुरीच्या शेंगा सोलायचा आणि मधेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या पलीकडे फेकायचा. पलीकडेच, हं. आपल्याजवळ टाकला तर हावेपोटी कुत्रं जवळ येतं, तुकडा संपला की एकदम दचकतं, आणि चावतं ते अशाच वेळी. मागं पडलेला तुकडा खायला ते लांब जातं आणि पुढच्यासाठी आपल्या मनानं परत फिरतं.

हे निदान दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. पहिल्यांदा तुम्ही ओट्यावरच बसा, मग घरात जा, मग वावरात निघून जा. वेळ, थाळी, जागा काही बदलू नका. कुत्रं उगाच जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत असेल तर त्या दिवशी तेवढंच पुरे. गुरगुरलं म्हणून रट्टा तर मुळीच देऊ नका. मार खाऊन गुरगुरणं सोडलेलं कुत्रं थेट चावतं.

आणखी एक, उन्हात सगळेच डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात. पोराला फाटकाबाहेरच तो सोडायला सांगा, नाहीतर इतक्या दिवसांची ओळख वाया.

तुम्ही गेल्यावर पहिला-दुसरा दिवस कुत्रं कदाचित जेवणार नाही. पाणी पितंय ना, हे मात्र रोज विचारा. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, म्हणून सावलीत दोन भांडी भरलेली हवीत. तुमचा न धुतलेला सदरा त्याच्या जागेवर टाकून जा. लग्नघरचं मसालेदार मटण, शिजलेली हाडं, कांदा यातलं काही देऊ नये.

साखळीनं बांधून जाऊ नका. पळायला जागा नसली की भित्रं कुत्रं अंगावर येतं. मोकळंही सोडू नका, अशी कुत्री मालकाला शोधत निघून जातात. फाटक नीट लागणारं हवं आणि रात्री त्याला खोलीत घ्यावं. तुमचं गाव जंगलाला लागून असेल तर अंगणातलं कुत्रं बिबट्या नेतो, हे तुम्हाला सांगायला नको.

रेबीजची लस यंदाची राहिली असेल तर जायच्या बऱ्याच आधी द्या. पोराच्या आईलाही सांगून ठेवा की दात लागला, साधा ओरखडा का असेना, तर हळद-चुना न लावता साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.