सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात रोज वेगवेगळे डॉक्टर येतात, त्यांतला मुख्य कोण?

मुख्य म्हणजे युनिट हेड, म्हणजे डॉक्टरांच्या त्या गटाचा प्रमुख, बहुधा प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक. पण पेशंटची खडान्‌खडा माहिती निवासी डॉक्टरांकडे असते, तेव्हा आधी त्यांना गाठा. अशाच कॉलेजात मी इंटर्नशिप केली, त्यावरून सांगतो. रक्त काढणारा, नमुने घेऊन लॅबकडे पळणारा तो इंटर्न: एमबीबीएसची साडेचार वर्षं संपलेली, सक्तीचं एक वर्ष चालू, नोंदणी तात्पुरती. त्याला निदान विचारू नका, बिचारा अडचणीत येतो. त्याच्या वरचे जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट (निवासी डॉक्टर), नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांच्या एमडी किंवा एमएसला आलेले. पहिल्या वर्षाचा जेआर-वन लगेच ओळखू येतो: तारवटलेले डोळे, काखेत केसपेपर. तिसऱ्या वर्षाच्या जेआर-थ्रीला विचारलंत तर नीट उत्तर मिळेल. एमडी-एमएस झालेला सीनियर रेसिडेंट, त्याच्या वर असिस्टंट प्रोफेसर, ज्यांना अजूनही बरेच जण लेक्चरर म्हणतात. मोठ्या साहेबांना, म्हणजे युनिट हेडना, राउंडच्या वेळीच विचारा, तेही दोनच प्रश्न. खासगी हॉस्पिटलात मात्र ही उतरंड लावू नका. तिथला आरएमओ, म्हणजे वॉर्डात हजर असणारा निवासी डॉक्टर, अनेकदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो आणि निर्णय कन्सल्टंट, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर, घेतात.