बिबट्याच्या तालुक्यातील मुलीने वनाधिकारी व्हावे का?

नारायणगावहून एका पालकांनी लिहिले आहे: "माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिचा मुख्य विषय प्राणिशास्त्र आहे. तिला वन विभागातच जायचे आहे. आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले सापडतात आणि हल्ला झाला की गावकरी आधी वन कर्मचाऱ्यांनाच घेराव घालतात. जंगल राखायला हिंमत लागते, पदव्या नव्हेत, असे माझे मत आहे. मग तिने लगेच वनरक्षक भरती द्यावी की पुढे शिकावे?"

सप्रेम नमस्कार.

हिंमत लागते हे मला मान्य आहे. मात्र पदव्यांविषयीचे तुमचे मत तुमच्याच तालुक्याच्या अनुभवाशी जुळत नाही. साधारण २००१ नंतर जुन्नर परिसरात बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. पकडणाऱ्यांच्या हिंमतीत काहीही उणे नव्हते. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले नंतर १७ पर्यंत गेल्याचे दिसून आले. उसात वाढलेला, माणसाला टाळून जगायला शिकलेला बिबट्या अनोळखी मुलखात नेऊन सोडला, तर तो बिथरतो, आपल्या जागेकडे परतू पाहतो आणि वाटेत माणसांच्या समोर येतो. पिंजरा लावणे हे कौशल्याचे काम आहेच, पण तो लावावा की नाही हे आधी कोणीतरी ठरवावे लागते, आणि ते ठरवणाऱ्याला प्राण्याचे वर्तन ठाऊक नसेल, तर खालच्या माणसांचे धैर्य चुकीच्या कामी खर्ची पडते.

याच्या उलट उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना येथील आहे. २००९ मध्ये त्या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नव्हता. त्यानंतर क्षेत्र संचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली बांधवगड आणि कान्हा येथून वाघिणी, तर पेंचहून एक वाघ आणण्यात आला. तो वाघ काही दिवसांतच पन्ना सोडून दक्षिणेकडे निघाला. त्याच्या मागे कर्मचारी आणि हत्ती सुमारे महिनाभर फिरत राहिले, शेवटी त्याला बेशुद्ध करून परत आणले गेले, आणि एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडी जन्मली. जंगल तेच होते आणि कर्मचारीही बहुतांशी तेच होते. बदलला होता तो त्यांना दिशा देणारा अधिकारी.

आता मुलीविषयी. वनरक्षकाचे पद मी कमी लेखत नाही, कारण नियतक्षेत्रात, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी फिरणाऱ्या त्या माणसावरच सगळे उभे असते. तथापि ती भरती बारावीच्या पात्रतेवर होते आणि तिथून परिक्षेत्राची, म्हणजे अशा अनेक नियतक्षेत्रांची, जबाबदारी येईपर्यंत बरीच वर्षे जातात. तुमच्या मुलीची पदवी पूर्ण झाली की तिला थेट वरचे दोन मार्ग खुले होतात. राज्य लोकसेवा आयोगाच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येते. तर केंद्रीय आयोगामार्फत भारतीय वनसेवेत जाता येते. केंद्रीय परीक्षेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवेबरोबर एकत्र होते. मुख्य परीक्षेची उत्तरे मात्र इंग्रजीतच लिहावी लागतात, हे ग्रामीण भागातील अनेक मुलांना फार उशिरा कळते. प्राणिशास्त्रासोबत वानिकी हा दुसरा वैकल्पिक विषय तिला सोयीचा पडेल. निवड झाल्यावर राज्य कोणते मिळेल, हे आपल्या हाती नसते.

एक उणीवही सांगितली पाहिजे. वन विभागात वन्यजीवांसाठी वेगळा संवर्ग नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतून व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेऊन आलेला अधिकारी उद्या सामाजिक वनीकरणात रोपे मोजत बसलेला दिसू शकतो, आणि माझ्या मते ही शिक्षणाची नासाडी आहे. ज्यांना फक्त वन्यजीवांवरच काम करायचे आहे, त्यांनी त्याच संस्थेतील किंवा बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील वन्यजीवविषयक एम.एस्सी.चा विचार करावा. तिथे जागा मोजक्याच असतात आणि पुढे पगाराची शाश्वतीही सरकारी नोकरीइतकी नसते. मात्र असा अभ्यास आधी केला, तरी भारतीय वनसेवेसाठी वयोमर्यादा ३२ वर्षे असल्याने त्या परीक्षेचे प्रयत्न नंतर करता येतात. माझा कौल याच क्रमाला आहे.

घेरावाची तुमची भीती रास्त आहे, आणि मुलीने वरचे पद घेतले म्हणून ती टळणार नाही. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे त्याला पकडण्याची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते. ती येईपर्यंत संतापलेल्या गावकऱ्यांशी बोलायचे काम घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याचे असते. ऊस कधी तुटतो, तोडणी मजुरांची मुले कुठे झोपतात, हे ज्या मुलीने लहानपणापासून पाहिले आहे, तिचे म्हणणे लोक ऐकून घेतील, अशी शक्यता मला अधिक वाटते.

तूर्त तिने संख्याशास्त्र टाळू नये. सुटीत माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात परवानगी घेऊन तेथील पशुवैद्यकांचे काम पाहावे. वनसेवेच्या शारीरिक चाचणीत मुलींना ४ तासांत १४ किलोमीटर चालावे लागते. नारायणगाव ते जुन्नर हे अंतर साधारण तेवढेच आहे. एखाद्या रविवारी पहाटे तुम्हीही तिच्यासोबत निघा.