बोका बाहेर, भांडण घरात

ताई, तुमचं सगळं वाचलं. तुमच्या मांजरी सोनी आणि चिंगी सख्ख्या बहिणी, तीन वर्षांच्या, दोघींची नसबंदी झालेली, आत्ताआत्तापर्यंत एकाच टोपलीत झोपायच्या. मग एका रात्री गॅलरीच्या ग्रिलवर बाहेरचा बोका येऊन बसला, घरात एकच आरडाओरडा झाला, आणि तेव्हापासून चिंगी सोनीला दिसेल तिथे धरते. सोनी पलंगाखालून बाहेर येत नाही, दोनदा गादीवर लघवी केली. सासूबाई म्हणतायत एकीला गावी सोडून या, आणि तुम्ही विचारताय, कोणाला?

सध्या कोणालाच नाही. चिंगीचं सोनीशी काही वाकडं नव्हतंच. बोका काचेपलीकडे, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, चिंगीच्या अंगात ताव भरलेला, आणि तेवढ्यात शेजारी जी हलली तिच्यावर तो ताव निघाला. सोनी नसती तर तुमच्या पोटरीवर निघाला असता. हा ताव मिनिटभरात उतरत नाही. कधी काही तास राहतो, कधी दिवस-दोन दिवससुद्धा. त्यात सोनी घाबरून फिस्कारली, शेपूट फुगवली, म्हणजे चिंगीच्या लेखी तीही शत्रूच ठरली. आता ही दिसली की मारामारी, असं दोघींच्या डोक्यात बसलंय, आणि रोजची प्रत्येक झटापट ते आणखी घट्ट करतेय.

म्हणूनच 'त्यांचं त्या मिटवतील' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. घरातल्या मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं एकट्याने शिकार करणारं रानमांजर. समेट करायचे, नमतं घ्यायचे हावभाव या जातीकडे फारसे नाहीतच. भांडण टाळायचा तिचा खरा उपाय एकच, लांब निघून जाणं. टू बीएचकेत लांब कुठे जाणार? पाण्याचा फवाराही नको. सोनी समोर आली की अंगावर पाणी येतं, एवढंच चिंगी शिकेल.

तर आजच दोघींना वेगळं करा. सोनीला बेडरूम द्या. तिथेच तिचं खाणं, पाणी, लिटर बॉक्स (शी-शूसाठीचा वाळूचा ट्रे), आणि लपायला आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. दार पूर्ण बंद. चिंगी उरलेल्या घरात. दिवसातून एकदा जागांची अदलाबदल करा, पण समोरासमोर न आणता. दोन-तीन दिवस दोघी नीट खातायत, अंग चाटून साफ करतायत, झोपतायत असं दिसलं की मग वासाचं काम सुरू करा. जुना सुती नॅपकिन एकीच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवा आणि दुसरीच्या ताटलीजवळ ठेवा. हुंगून खायला लागली तर उत्तम. फिस्कारली तर नॅपकिन लांब सरकवा, तिच्यावर ओरडू नका.

मग जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना, सुरुवातीला दारापासून चांगलं लांब. रोज थोडं जवळ आणा. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा मासा, जे काय जीव टाकून खातात ते फक्त याच वेळी द्यायचं. त्यानंतर एकमेकींना दिसणं, आणि इथे आपल्याकडचा डासांच्या जाळीचा दरवाजा फार कामाला येतो. त्यावर चादर टाका आणि रोज खालून चार बोटं वर घ्या. आधी पंजे दिसतात, मग अर्धं अंग, मग डोळे.

डोळ्यांपाशी थांबा, कारण सगळी मेख तिथे आहे. लोक फिस्कारण्याला घाबरतात. मला ते तितकं गंभीर वाटत नाही, 'जवळ येऊ नको' एवढाच त्याचा अर्थ. घाबरायचं ते गप्प बसून रोखून बघण्याला. चिंगी खाणं थांबवून, पापणी न हलवता, मान पुढे काढून बघतेय, शेपटीचं फक्त टोक हलतंय, म्हणजे दोघींमधलं अंतर कमी पडतंय. मधे पुठ्ठा सरकवा आणि उद्या कालच्या अंतरावर परत जा. तिने बघितलं, मान वळवली आणि पुन्हा ताटलीत तोंड घातलं, तर पुढे जायला हरकत नाही. प्रकरण ताजं असेल तर काही दिवसांत जमतं, रोज मारामाऱ्या झाल्या असतील तर आठवडे, कधी महिनेही लागतात.

एकत्र सोडल्यावरही हेच बघत राहा. पॅसेजच्या तोंडाशी एक जण ऐसपैस लोळलीय, दुसरी पलीकडून लिटर बॉक्सकडे जायला निघते आणि मागे फिरते. आपल्याला वाटतं सगळं शांत आहे. ही नाकेबंदी असते, आणि गादीवरच्या लघव्या पुष्कळदा यातूनच होतात. त्यामुळे लिटर बॉक्स तीन ठेवा, आणि तेही तीन जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन म्हणजे मांजराच्या हिशेबी एकच. ताटल्याही एकमेकींच्या नजरेआड. वर चढायला कपाट, माळा, फळी काहीतरी हवं आणि तिथून उतरायला दोन वाटा हव्यात, नाहीतर वर गेलेली वरच अडकते.

सोनीला डॉक्टरकडे नक्की न्या. ताणाने मांजरींना मूत्राशयाची सूज येते, मग जळजळ होते म्हणून ती बॉक्स टाळते. (इतर वाचणाऱ्यांसाठी: बोका वारंवार बॉक्समध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नळी तुंबून जीव जातो.) अंगावर चाव्याची खूण शोधा. दात बारीक असतात, जखम वरून मिटते आणि दोन-तीन दिवसांनी आत पू होऊन गाठ येते. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन मुळीच देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला पुरते मरायला. आणि भांडण सोडवताना मधे हात घालायचा नाही. उशी, पुठ्ठा, जाड चादर. तरी चावलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरला दाखवा. मांजराचा चावा फार लवकर पिकतो, आणि रेबीजच्या इंजेक्शनचं डॉक्टरच ठरवतील.

गादी आणि फरशी फिनेलने पुसत असाल तर बंद करा. ते मांजरांना विषारी असतं, पंजे चाटताना पोटात जातं, आणि लघवीचा वास त्याने जात नाही, फक्त आपल्या नाकाला झाकतो. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. फेरोमोनचे, म्हणजे मांजरांना निवांत करणाऱ्या गंधाचे, प्लगमध्ये लावायचे डिफ्युझर मिळतात. वापरून बघायला हरकत नाही, पण खिडक्या उघड्या आणि पंखा गरगरतोय अशा घरात फार आशा ठेवू नका. अगदीच अडलं तर फ्लुओक्सेटिन, गाबापेंटिनसारखी ताण-भीती कमी करणारी औषधं असतात, मात्र डॉक्टरने मात्रा ठरवूनच.

आता मूळ आरोपी. तो रोज येत राहिला तर वरचं सगळं पाण्यात. गॅलरीत खाणं ठेवत असाल तर उचला. ग्रिलवर त्याने लघवीचा फवारा मारला असेल तर धुऊन काढा. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला वर्तमानपत्र किंवा दुधी फिल्म चिकटवा, दिसता कामा नये. जमलं तर जवळच्या प्राणिमित्र संस्थेला गाठून त्याची नसबंदी करून घ्या, काही आठवड्यांत त्याचं फिरणं, भांडणं आणि फवारणं बरंच कमी होईल.

सासूबाईंना एवढं सांगा की फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर गावी वाडीत सोडलं तर कुत्र्यांच्या तोंडी जातं नाहीतर भुकेने हिंडत राहतं. काही जोड्या खरंच पुन्हा जुळत नाहीत. मग दार बंद ठेवून घर वाटून देता येतं, सकाळ एकीची, संध्याकाळ दुसरीची, अशी वर्षानुवर्षं चाललेली घरं मी पाहिलीत. तेही झेपत नसेल तर दुसरं मांजर नसलेलं, खिडक्यांना जाळ्या असलेलं ओळखीचं घर शोधा.

सोनी आज बॉक्समध्ये किती वेळा बसली, लघवी किती झाली आणि रंग कसा होता, ते बघून डॉक्टरांना सांगा आणि इथेही लिहा.