अँडीजमधल्या एखाद्या शांत डोंगरी गावात परदेशी माणसाचा दिवस कसा जातो? तिथे कायमचं राहायला जावं का?

अख्ख्या अँडीजबद्दल बोलण्याइतकी मी हिंडलेली नाही. इक्वाडोरच्या दक्षिणेला क्वेंका नावाचं शहर आहे, तिथे मी इंग्रजी शिकवते आणि सुट्टी मिळाली की आसपासच्या गावांना जाते. त्यातल्या सिगसिगबद्दल सांगते, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘शांत’ तिथे पुरेपूर आहे. ते कुठून आलं, हेही सांगते.

क्वेंकाच्या बसस्थानकावरून थेट बस मिळते, दीडेक तासाचा प्रवास. इथलं चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे. तिकीट दोनेक डॉलर. वीसची नोट पुढे केलीत तर कंडक्टरचं तोंड बघण्यासारखं होतं, म्हणून सुटे ठेवा. वाटेत बुल्काय लागतं. तिथल्या माकाना शालींसाठी उतरलात तरी चालेल. ताण्याचं सूत घायपाताच्या तंतूंनी जागोजागी घट्ट बांधून रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो आणि नक्षी विणण्याआधीच सुतात तयार होते. माग कमरेला पट्ट्याने बांधलेला असतो, विणणारी व्यक्ती मागे रेलली की ताणा ताठ होतो. पुढे गुआलासेओच्या बाजारात मातीच्या तव्यावर भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या मिळतात, आत चीज. शाकाहारी असाल तर पोटभर तिथेच खाऊन घ्या. सिगसिगच्या खानावळीत सूप बिनमांसाचं आहे असं सांगतील आणि खाली कोंबडीचा पाय निघेल.

सिगसिग सांता बार्बारा नदीच्या वर, उतारावर वसलंय. उंची अडीच हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे चढाला धाप लागते. हवा गार असली तरी ऊन भाजून काढतं, टोपी हवीच. अर्थात टोपीची इथे कमतरता नाही.

रस्त्यात भेटेल त्याला ‘बुएनोस दीआस’ म्हणायचं, न म्हणता पुढे जाणं उद्धटपणाचं समजतात. दुकानात गिऱ्हाईक दुकानदाराला ‘वेसी’ म्हणतं, दुकानदार गिऱ्हाइकाला ‘वेसी’ म्हणतो. म्हणजे शेजारी. पहिल्याच भेटीत तुम्हीही शेजारी होता. फोटो काढण्याआधी मात्र विचारा. दोन वेण्या, भरतकाम केलेला घेरदार पोयेरा (घागरा), डोक्यावर पांढरी टोपी असा वेश केलेल्या आज्या काही पर्यटकांसाठी नटलेल्या नसतात, त्या बाजारहाटाला निघालेल्या असतात.

त्यांच्या हाताकडे बघा. बाकावर बसून गप्पा मारताना, अगदी चालतानासुद्धा बोटं गवतासारख्या पात्या विणत असतात. ही तोकिया. झाड ताडासारखं दिसतं पण ताड नव्हे. ते समुद्रकिनाऱ्याकडे वाढतं, पात्या डोंगरावर येतात आणि टोपी इथे होते. जगभर ‘पनामा हॅट’ म्हणून विकतात ती हीच. युनेस्कोने २०१२ साली या विणकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मानसन्मान झाला, पण मधल्या दलालाला देऊन विणणारीच्या हातात थोडेच डॉलर पडतात. नदीकाठी जुन्या इस्पितळाच्या इमारतीत विणकर बायकांच्या संस्थेचं दुकान आहे, टोपी तिथूनच घ्या. आणि घासाघीस करू नका, एका बारीक विणीच्या टोपीमागे किती दिवस गेलेत ते आधी विचारा.

आता शांततेबद्दल. १९४०च्या दशकात या टोपीची निर्यात जोरात होती, १९५०च्या दशकात बाजार कोसळला. हजारो विणकर घरांचं उत्पन्न एकदम आटलं. टोप्या न्यूयॉर्कला जात असल्याने व्यापाऱ्यांच्या ओळखी तिथे होत्याच, त्याच वाटेने माणसंही जाऊ लागली. १९९९च्या बँक संकटानंतर तर लोंढाच गेला. म्हणून गावात तीन मजली काँक्रीटची घरं दिसतात, वर काळ्या काचा, आणि तळमजल्यावर फक्त आजी-आजोबा. मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभ्या राहिलेल्या कोकणातल्या बंद घरांची आठवण मला इथे दर वेळी येते. कुरिअरच्या दुकानातून भाजलेलं ‘कुय’, म्हणजे गिनीपिग, डबाबंद होऊन न्यूयॉर्कच्या लेकरांना जातं! आणि आम्ही परदेशी लोक नेमके उलट दिशेने, ‘किती निवांत!’ म्हणत येतो. मला हे म्हणताना आता जरा अवघडल्यासारखं होतं.

दुपारनंतर वेळ उरला तर पिकअप ठरवून चोब्शीला जा. तिथल्या गुहेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसं राहिल्याच्या खुणा मिळाल्यात, जवळच इंकांच्या आधीच्या कान्यारी लोकांच्या दगडी बांधकामाचे अवशेष आहेत. वाटेवर निलगिरीची झाडं दिसतील, ती मूळची ऑस्ट्रेलियाची, इथे एकोणिसाव्या शतकात आणलेली. शेतातले कुत्रे अंगावर आले तर वाकून दगड उचलल्याचं नाटक करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. इथे विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि पाऊस बहुधा दुपारीच गाठतो.

कायमचं राहायचं म्हणाल तर माझा सल्ला ‘लगेच नको’ असा आहे. स्पॅनिश बऱ्यापैकी येत नसेल तर ‘वेसी’च्या पुढे संभाषण जात नाही, आणि इंग्रजी बोलणारं तरुण माणूस न्यूयॉर्कला असतं. मोठ्या दुखण्याला क्वेंकाच गाठावं लागतं. परदेशी लोक जिथे जास्त आले तिथे जमिनीचे भाव चढतात, हाही भाग आहेच. आधी क्वेंकात सहा महिने भाड्याने राहा, भाषा शिका आणि सिगसिगला रविवारी जा, त्या दिवशी बाजार असतो आणि वरच्या वाड्या-वस्त्यांतली माणसं खाली उतरतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ तेवढी सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.