घुसळावा, उकळू नये: विधीच्या ककाओबद्दल वाचकांचे प्रश्न

ककाओ म्हणजे कोकोच्या वाटलेल्या बिया गरम पाण्यात घुसळून केलेलं कडू पेय. योगवर्ग, ध्यानशिबिरं आणि ‘ककाओ सर्कल’ (गोल बसून एकत्र ककाओ प्यायच्या बैठका) यांमुळे ते आता आपल्याकडेही आलं आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

पाकिटावर ‘सेरेमोनियल ग्रेड’ लिहिलेलं असतं आणि किंमत कोको पावडरीच्या कितीतरी पट. ही ग्रेड ठरवतं कोण? (वाचक, पुणे)

कुणीच नाही. यासाठी सरकारी मानक नाही, सर्वमान्य प्रमाणपत्रही नाही. हा शब्द विक्रेत्याचा आहे. त्यातून अपेक्षित असतो तो कोको मास: बिया आंबवून, वाळवून, हलक्या भाजून, सालं पाखडून, अख्ख्या वाटलेल्या. त्यातून काही काढलेलं नाही आणि त्यात काही घातलेलंही नाही. अशा वडीत निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते, तेच कोको बटर. पावडर करताना हे बटर दाबून काढतात आणि साधारण १० ते २२ टक्केच मागे उरतं. गडद, काळसर पावडर बहुतेक वेळा अल्कलीने प्रक्रिया केलेली असते. त्यात कडूपणा जातो आणि सोबत फ्लॅव्हनॉल ही कोकोतली उपयुक्त द्रव्यंही बरीच जातात. म्हणून पावडर गरम पाण्यात कालवली की तो कोको झाला, विधीचा ककाओ नव्हे.

घेण्याआधी चार गोष्टी विचारा. घटकांच्या यादीत एकच नाव आहे का? बिया कुठल्या प्रदेशातल्या? किती दिवस आंबवल्या? (पाच ते सात हे ठीक उत्तर.) कॅडमियम या विषारी धातूचा तपासणी अहवाल आहे का? लॅटिन अमेरिकेतल्या काही भागांत मातीतच कॅडमियम जास्त असतं आणि झाड ते बियांत ओढून घेतं. युरोपीय संघाने २०१९ पासून चॉकलेटमधल्या कॅडमियमवर मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्याकडे असा अहवाल असतो. रोज पिणार असाल तर हा प्रश्न सोडू नका.

‘रॉ’ (कच्चा, न भाजलेला) या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. आंबवतानाच ढिगाचं तापमान ४५ ते ५० अंशांवर जातं. शिवाय उघड्यावर वाळलेल्या बियांवरचे जंतू मरतात ते भाजल्यामुळेच. आयातच हवा असंही काही नाही. आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत कोको पिकतो. जगभरच्या छोट्या चॉकलेटवाल्यांनी बिया वाटायला सुरुवात केली तीसुद्धा इडलीचं पीठ वाटणाऱ्या आपल्या दक्षिणेकडच्या ग्राइंडरवर.

दोनदा केला. एकदा घट्ट गोळा झाला, दुसऱ्यांदा वर तेलाचा तवंग आणि तळाशी रवाळ गाळ. काय चुकतंय? (वाचक, नाशिक)

पहिल्या वेळी पाणी कमी पडलं. दुसऱ्या वेळी उष्णता जास्त झाली आणि घुसळणं कमी.

वितळलेल्या ककाओत चमचा-दोन चमचे पाणी पडलं की बारीक कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा बनतो. तो फेकू नका. आणखी गरम पाणी घालून घुसळत राहिलात की सैल होतो. तवंगाचं कारण वेगळं. कोको बटर ३४-३५ अंशांनाच वितळतं आणि पाण्यात आपण होऊन मिसळत नाही. उकळ्या फुटल्या की ते सुटून वर येतं, कण खाली बसतात आणि तळ लागतो. उकळल्याने ‘शक्ती’ नष्ट होते असं सांगतात, त्यात अर्थ नाही. ककाओतलं तरतरी आणणारं द्रव्य म्हणजे थिओब्रोमिन, आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही. जातो तो वास आणि बिघडतो तो पोत.

एका पेल्याचं माप असं. ककाओ ४० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. चिरलेला ककाओ चमच्याने मोजला की दर वेळी वेगळाच भरतो. रोजच्या पिण्यासाठी १५ ते २० ग्रॅम पुरे. पहिल्यांदा पिणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी. वडी सुरीने बारीक चिरा. जाड तुकडे तळाशी तसेच राहतात. १८० मिली पाणी तापवा. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि वाफ दिसू लागली की गॅस बंद. चुरा घाला आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग घुसळा.

मिक्सर वापरलात तर २०-३० सेकंद पुरतात. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका आणि झाकण फडक्याने दाबून धरा, नाहीतर वाफेने उडतं. ताकाची रवी तर उत्तमच. स्पॅनिश आल्यानंतर मेक्सिकोत रुळलेली मोलिनियो म्हणजे तळहातांत फिरवायची लाकडी रवीच. त्याआधी फेस आणायला एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत, आपण चहा ओततो तसं. फेस उभा राहिला, वर तेलाचे थेंब दिसेनासे झाले की झालं. पिता पिता मधे थांबलात तर पुन्हा ढवळा.

चिमूटभर तिखट आणि थोडी दालचिनी चालते. मेक्सिकोतले प्राचीन अझ्टेक लोक मिरची, व्हॅनिला आणि आचिओते घालत. आचिओते म्हणजे आपली शेंदरी. गोड हवं तर गूळ शेवटी घाला, पण अर्ध्या चमच्यावर थांबा. त्यापुढे ते चॉकलेट मिल्कशेकच्या वाटेला लागतं.

आमच्या सर्कलमध्ये ‘हा मायांचा पाच हजार वर्षांचा विधी’ असं सांगितलं. खरं का? (वाचक, म्हापसा)

दोन खऱ्या गोष्टी एकत्र बांधून तिसरी केली आहे. आग्नेय इक्वेडोरमध्ये सान्ता आना-ला फ्लोरिडा इथे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत ककाओचे अंश सापडले, पण ते लोक माया, म्हणजे मध्य अमेरिकेतले प्राचीन लोक, नव्हते. मायांचं नातं खरं आणि खोल आहे. ग्वाटेमालातल्या रिओ आसूलच्या थडग्यात मिळालेल्या फिरकीच्या झाकणाच्या भांड्यावर ‘ककाव’ हा शब्दच लिहिलेला आहे. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये ककाओच्या बागांचे मालक माया पंचांगातल्या मुवान महिन्यात ‘एक चुआह’ नावाच्या देवाचा उत्सव करत, अशी नोंद १६व्या शतकात दिएगो दे लान्दा या स्पॅनिश धर्मगुरूने केली. आजही ग्वाटेमालात आह्कीह, म्हणजे दिवसांची गणना सांभाळणारे पुरोहित, अग्निविधीत धूप आणि मेणबत्त्यांसोबत ककाओच्या बिया आगीला अर्पण करतात. आपल्या होमातल्या आहुतीच्या जवळ जाणारी गोष्ट आहे ही.

पण गोल बसून, हातात पेला धरून, संकल्प सोडून, श्वसन आणि संगीत करायचं हे रूप अलीकडचं. २००० नंतर ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराच्या काठी जमलेल्या परदेशी लोकांत ते वाढलं आणि तिथून जगभर गेलं. नवं आहे म्हणून खोटं होत नाही. पण प्राचीनतेच्या नावावर जादा शुल्क मागितलं तर हात आखडता घ्यावा. ‘हृदय उघडतं’ याचंही तसंच. थिओब्रोमिन रक्तवाहिन्या किंचित सैल करतं आणि हलकी तरतरी आणतं. आनंदाचं रसायन म्हणून ज्याचं नाव घेतात ते फेनिलइथिलअमाइन बहुतेक पचनातच मोडतं. उरलेलं काम शांत बसण्याचं आणि सोबतच्या माणसांचं.

मी नैराश्याची गोळी घेते, आईला रक्तदाब आहे. आम्ही घ्यावा का? (वाचक, ठाणे)

४० ग्रॅममध्ये साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं आणि एक कप कॉफीइतकं किंवा थोडं कमी कॅफिन. एरवी निरोगी माणसालाही यापेक्षा बरंच जास्त घेतल्यास धडधड, मळमळ, डोकेदुखी होते. ‘शुद्धी होतेय’ असं कुणी म्हणालं तरी दुसरा पेला घेऊ नका.

एमएओआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली गोळी असेल तर घेऊच नका, रक्तदाब एकाएकी चढू शकतो. फ्लूवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध असेल तर कॅफिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते थिओब्रोमिनचंच भावंड आहे, परिणामांची बेरीज होते. तुमची गोळी यांपैकी नसली तरी गोळीचं नाव आणि ककाओचे ग्रॅम कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. नुसतं ‘चॉकलेट चालेल का’ विचारलंत तर ते हो म्हणतील. आईंच्या बाबतीतही आधी डॉक्टर, आणि हृदयाचे ठोके अनियमित असतील तर नकोच. मूतखडा झालेल्यांनी ककाओतलं ऑक्झलेट, म्हणजे खड्याला हातभार लावणारं द्रव्य, लक्षात ठेवावं. गरोदरपणी विधीचं माप टाळावं.

चतुर्थीला चालेल का? (वाचक, सातारा)

बी आहे, धान्य नाही, बाकी घरची रीत. पण दिवसभराच्या रिकाम्या पोटी २० ग्रॅमहून जास्त चरबीचा पेला गेला की मळमळतं आणि पित्त उसळतं. आधी केळं खा आणि १५ ग्रॅमवर भागवा. संध्याकाळी चंद्रोदयाची वाट पाहत घेतलात तर झोपही लांबेल. थिओब्रोमिन निम्मं व्हायलाच सात-आठ तास लागतात.

वडीवर पांढरा थर आला आहे. टाकून द्यावी का? (वाचक, रत्नागिरी)

बोट घासल्यावर पुसला जाणारा गुळगुळीत थर म्हणजे वर आलेलं कोको बटर. उन्हाळ्यात वडी वितळून पुन्हा थिजली की असं होतं. खुशाल वापरा. केसाळ दिसला किंवा कुबट वास आला तर ती बुरशी, फेकून द्या. कोकणच्या दमटपणात वडी हवाबंद डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलीत तर डबा बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड वडीवर पाणी धरतं. आणि घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा. थिओब्रोमिन कुत्र्याला विष आहे, लहान कुत्र्याला एका पेल्याइतका ककाओही जिवावर बेतू शकतो.