वॉर्डात संगणक आला की नर्सचं काम कमी होतं का?

लगेच नाही. उलट पहिले काही आठवडे कागदावरही लिहा आणि संगणकातही भरा, असं दुप्पट होतं.

पण मागणी वॉर्डातूनच आली तर चित्र बदलतं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सू किनिक नावाची नर्स होती. १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसाने हातातल्या यंत्राने बारकोड वाचून झटक्यात हिशेब केलेला तिने पाहिला. गाडीला जमतं, मग औषधाला का नाही? त्यातून रुग्णाच्या मनगटपट्टीचा आणि औषधाचा बारकोड जुळवूनच गोळी द्यायची पद्धत उभी राहिली. पुढे ही पद्धत माजी सैनिकांच्या देशभरातल्या रुग्णालयांत गेली.

तरी पळवाटा निघतातच. पट्टी भिजते, बॅटरी संपते, नेटवर्क जातं. मग कोणी मनगटपट्टीच्या बारकोडची जादा प्रत टेबलावर चिकटवून तिथूनच स्कॅन करतं. याला आळस म्हणणं मला पटत नाही. एका नर्सकडे पंधरा-वीस रुग्ण असतील तर दुसरं काय होणार? म्हणून यंत्रणा घेण्याआधी रात्रपाळीतल्या सिस्टरना ती महिनाभर वापरायला द्या. खाटेपर्यंत संगणकाची ट्रॉली जात नाही, हे त्याच सांगतील.