घासू नकोस

चि. पोरा, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. आजोबांची ती ३१५ बोअरची रायफल मी चांगली ओळखतो. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीत रानडुकरं शिरायची, तेव्हा ती मांडीवर घेऊन बांधावर बसलेले आजोबा मला आठवतात. आता परवाना तुझ्या नावावर झाला, दोन वर्षं ठाण्यात जमा असलेली बंदूक घरी आली, आणि तू विचारतोस, नाना, ऐंशीचा पॉलिशपेपर आणू की एकशेवीसचा? वर पीयू पॉलिश मारू की मेलामाइन?

कोणताच आणू नकोस. घासू नकोस.

मी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, आर्मोरर होतो, हत्यारं राखणारा कारागीर, तेव्हाची गोष्ट. वार्षिक तपासणी आठ दिवसांवर आली होती. इशापूर कारखान्याची एक ३०३ रायफल होती, दस्ता बसतो त्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, जी.आर.आय. हा इंग्रज राजाचा शिक्का आणि खाली १९४३. दस्ता काळाकुट्ट, हाताला चिकट. दोन दुपारी काचपेपर घेऊन बसलो आणि लख्ख केली. साहेब खूश. पुढच्या आठवड्यात कवायतीत एका जवानाचा तळवा फाटला. लाकूड इतकं खाली गेलं होतं की दस्त्याच्या टोकावरच्या पितळी पट्टीची, बटप्लेटची, कड उघडी पडली होती. दस्त्यावर कुणीतरी खिळ्याने तीन अक्षरं कोरली होती. ती घासण्याआधी मी वाचलीसुद्धा नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, आतही हात घातला. ३०३ चं पुढचं लाकूड मागच्या टोकाला दोन जागी बॉडीला घट्ट टेकतं, गोळी सुटल्याचा धक्का तिथे झेलला जातो. ते मी 'साफ' केलं. त्यानंतर त्या रायफलच्या गोळ्या कधी एका जागी लागल्या नाहीत.

हुकूम होता, वेळ नव्हता, शिकवणारं कुणी नव्हतं. हे सगळं खरं आहे. आणि पुढे पंधरा वर्षं मी कोतमध्ये काचपेपर येऊ दिला नाही, त्यापायी दोनदा बोलणी खाल्ली, हेही खरं आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ३०३ ला जो तो भंगार म्हणू लागला. म्हणू देत. ते लाकूड मी घालवलं, त्याचं मला अजून लागतं.

तर ऐक. मळ काढायचा, लाकूड नाही. कोमट पाण्यात थोडा साबण, फडकं घट्ट पिळलेलं, लगेच कोरडं करायचं. दस्त्यावर खळगा असेल तिथे ओलं फडकं चौघडी घालून ठेव आणि गरम इस्त्री क्षणभर टेकव. वाफेने दबलेले तंतू फुगतात, खळगा वर येतो. तंतू तुटले असतील तिथला येणार नाही, राहू दे. शिक्क्यांवर इस्त्री नेऊ नकोस, तेही फुगून पुसट होतात. मग घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल. तळहातावर चार थेंब, लाकूड गरम लागेपर्यंत चोळ, अर्ध्या तासाने पुसून टाक, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदम थापलंस तर चिकट साय धरेल. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटतो. तारेवर पसरून वाळव.

लोखंडावरचा लाल गंज तेवढा काढ, काळा थर राहू दे. रात्रभर तेल, सकाळी चार शून्यांची, सगळ्यात बारीक, स्टील वूल, हलका हात. फडकं लाल यायचं थांबलं की तूही थांब.

नळीत इतकं तेल घालूनही गंज का येतो, विचारलंस. जुन्या काडतुसांच्या कॅपमधल्या, बार पेटवणाऱ्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो आणि हवेतलं पाणी ओढतो. तो मिठासारखाच, तेलात विरघळत नाही. आम्ही फायरिंगनंतर नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी सोडायचो, मग कोरडी चिंधी, मग तेल. क्रम चुकला की सगळं फुकट.

बोल्ट, खटका, फोरएंड उघडणं तुझं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडे ने, आणि त्याने पाहिल्याशिवाय एकही गोळी उडवू नकोस. ३०३ मध्ये पुढचं लाकूड न काढता दस्ता आवळून धरणारा लांब बोल्ट फिरवला, तर त्याचं चौकोनी टोक लाकूड आतून फाडतं. तुझी ३१५ त्याच घराण्यातली. हौशी हातांनी फाडलेली लाकडं मी किती पाहिली, मोजायची सोडून दिली.

मित्र म्हणतात जुनाट दिसते. दिसू दे की! शोकेसमध्ये मांडायला घेतली होती का आजोबांनी? किती वेळा लिहू, घासू नकोस.

पोळ्याला मी चोपड्याला येतोय. तुझ्या तिसऱ्या फोटोत बटप्लेटच्या वर, डाव्या अंगाला एक बारीक खाच दिसते. ती कोणत्या रात्री पडली ते मला ठाऊक आहे, तेव्हा मी बांधावर होतो. समोर बसून सांगेन. तोवर तिथे तेलाखेरीज काही लागता कामा नये.

तुझा,
नाना